मुंबईत विजेची ट्राम येणार होती, म्हणून एक वेधशाळा अलिबागला गेली! वीज आणि चुंबकाचं नातं नेमकं काय आहे?

अलिबाग म्हटलं की समुद्रकिनारा आणि कुलाबा किल्ला आठवतो. पण याच गावात १९०४ पासून एक चुंबकीय वेधशाळा आहे. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीकसारीक बदल रात्रंदिवस नोंदवले जातात. त्याआधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. ते तिथून हलवावं लागलं, कारण शहरात विजेची ट्राम येणार होती.

ट्रामचा आणि चुंबकाचा काय संबंध? या प्रश्नाच्या उत्तरात घरातल्या पंख्यापासून मोबाईलमधल्या मॅपपर्यंत बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी दोन वेगळ्या गोष्टी, मग एकच

लोखंड ओढणारा दगड माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे. चिनी आणि नंतर युरोपीय खलाशी होकायंत्राच्या भरवशावर समुद्र ओलांडायचे. पण सुई उत्तरेकडेच का वळते? १६०० साली इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट यांनी आपल्या ग्रंथात सांगितलं, की पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे.

वीज मात्र वेगळीच गोष्ट मानली जात होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना दिसलं, की तारेतून विद्युतप्रवाह सोडला की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे प्रवाह वाहणारी प्रत्येक तार आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करते.

१८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी याची उलट बाजू दाखवली. तारेच्या वेटोळ्याजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते. चुंबक नुसता ठेवून काही होत नाही, क्षेत्र बदलायला हवं. १९१५ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रापासून आजच्या पवनचक्क्यांपर्यंत बहुतेक मोठ्या वीजनिर्मितीमागे हेच तत्त्व आहे.

कुलाब्याच्या वेधशाळेची अडचण

कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण २५ हजार ते ६५ हजार नॅनोटेस्ला असतं. फ्रिजवर लावायचा चुंबक याच्या शंभरपट किंवा त्याहून जोरदार असतो. या क्षेत्रात रोज होणारे बदल तर जेमतेम काही दहा नॅनोटेस्लांचे. वेधशाळेला तेच मोजायचे होते.

आता एक साधा हिशोब करू. एका लांब सरळ तारेतून १०० अँपियर प्रवाह वाहत असेल, तर तारेपासून १०० मीटरवर सुमारे २०० नॅनोटेस्लांचं क्षेत्र तयार होतं. म्हणजे जे मोजायचं, त्याच्या कितीतरी पट गोंगाट.

जाणारी आणि परतणारी तार शेजारी-शेजारी असेल, तर दोघींची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारतात. ट्रामच्या बाबतीत तसं होत नाही. प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परततो. त्यातला काही भाग जमिनीत झिरपून दूरवर पसरतो. ट्राम सुटली, थांबली की तो सतत कमी-जास्त होतो.

त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय फ्रामजी मूस. या पदावरचे ते पहिले भारतीय. समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागची निवड झाली. तिथली इमारत पोरबंदरच्या चुंबकीय गुणधर्म नसलेल्या दगडात बांधली गेली.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि जुन्या-नव्या नोंदींची साखळी तुटली नाही. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली. अलिबागच्या नोंदी मात्र अजून सुरू आहेत. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

या नोंदी जपून काय मिळालं?

१ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या, तरी वादळाने तारेत निर्माण केलेल्या विजेवर संदेश जात राहिले.

कुलाब्याला त्या दिवशी चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. त्या वादळाचा जोर किती होता हे ठरवताना आजचे शास्त्रज्ञ याच नोंदीचा आधार घेतात.

हा फक्त इतिहास नाही. मार्च १९८९ मध्ये याहून बऱ्याच लहान वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे ९ तास घालवली. जवळपास ६० लाख लोक अंधारात होते. कारण फॅरेडेचंच तत्त्व. पृथ्वीचं क्षेत्र झपाट्याने बदललं की शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांमध्ये नको असलेला प्रवाह शिरतो आणि मोठी रोहित्रं म्हणजे ट्रान्सफॉर्मर बिघडतात.

मग ‘आज रात्री सौर वादळ आहे, मोबाईल बंद करून लांब ठेवा’ हा फॉरवर्ड? त्यात तथ्य नाही. हा परिणाम होण्यासाठी खूप लांब तारा लागतात, मोबाईल तेवढा मोठा नसतो. मे २०२४ च्या मोठ्या वादळातही लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, लोकांचे फोन मात्र नीट चालू राहिले. धोका वीजजाळ्याला आणि उपग्रहांना असतो. म्हणूनच ‘आदित्य एल-१’ यानावर चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरणही पाठवलं आहे.

हेच विज्ञान घरात कुठे दिसतं?

पंखा : साध्या पंख्यात तांब्याच्या वेटोळ्यांतून वाहणारी वीज फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि पंखा त्यामागे फिरतो. बीएलडीसी पंख्यात कायमस्वरूपी चुंबक असतात. त्यामुळे साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, तिथे याला ३० वॅटच्या आसपास पुरते.

इंडक्शन शेगडी : काचेखालच्या वेटोळ्यात प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलतो. त्यामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होऊन ते तापतं. भांडं चालेल का हे पाहायचं असेल तर बुडाला चुंबक लावा. घट्ट चिकटला तर चालेल. तांब्याचं किंवा साधं ॲल्युमिनियमचं भांडं बहुतेक शेगड्यांवर तापत नाही.

गल्लीतली डीपी : यातलं रोहित्र ११ हजार व्होल्टची वीज घरात चालेल इतकी उतरवतं. दोन वेटोळ्यांमध्ये तारेची जोडणी नसते, वीज चुंबकीय क्षेत्रामार्फत पुढे जाते.

मोबाईलमधलं होकायंत्र : फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारी छोटी चिप असते. चुंबक असलेलं कव्हर, गाडीचा पत्रा किंवा जवळचा स्पीकर यांनी ती गोंधळते आणि मॅपवरचा बाण भलतीकडे वळतो. कुलाब्याच्या वेधशाळेला ट्रामची भीती होती ती हीच! कव्हर काढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला की बाण बहुधा सुधारतो.

आरसीसीबी : घरातल्या मीटर-बोर्डावरचं हे उपकरण जीव वाचवतं. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातल्या एका चुंबकीय कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल, तर दोन्ही क्षेत्रं एकमेकांना मारतात. गिझर किंवा वॉशिंग मशीनमधून माणसाच्या अंगातून प्रवाह जमिनीत जाऊ लागला, की हिशोब चुकतो. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपियर फरकावर क्षणार्धात वीज तोडतो.

एमसीबी असला की शॉकपासून संरक्षण आहे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो. जीवघेणा शॉक त्याहून फार कमी प्रवाहाने बसू शकतो. आरसीसीबीवर चाचणीचं एक बटण असतं. ते अधूनमधून दाबून पाहा. वीज लगेच गेली तर उपकरण काम करतंय. गेली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि आरसीसीबी असला तरी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर तो वाचवेलच असं नाही. म्हणून अर्थिंग आणि सावधगिरी दोन्ही हवेतच.