रात्रशाळा ते कामगार कायदा : सोशल सर्व्हिस लीगचा प्रवास

मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना सेवाभावी संस्थांची नावे एका परिच्छेदात उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या यादीतल्या सोशल सर्व्हिस लीगपाशी मात्र मला थांबावेसे वाटते. परोपकाराच्या वाटेने निघालेला माणूस हक्काच्या प्रश्नापाशी कसा येऊन ठेपतो, हे तिच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

लीगची स्थापना १९११ सालची. संस्थापक नारायण मल्हार जोशी कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. लीगने गिरणगावात रात्रशाळा काढल्या, वाचनालये उघडली, औषधोपचाराची सोय केली. लहान मुलांसाठी पाळणाघरे, सहकारी पतपेढ्या, कोर्टकचेरीत अडकलेल्या निरक्षरांना कायद्याचा सल्ला, व्यायामशाळा, सहली, नाटके असा कामाचा पसारा वाढत गेला. परळचे दामोदर नाट्यगृहही लीगचेच. कामगार रंगभूमी तिथे रुजली.

या साऱ्यात रात्रशाळा मला सर्वांत बोलकी वाटते. १९११च्याच फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तास कामाची मर्यादा घातली होती. इतका वेळ साच्यापुढे उभा राहिलेला माणूस रात्री पाटीपुढे किती वेळ जागा राहणार? शाळा काढणे लीगच्या हातात होते, शिकायला लागणारी फुरसत देणे नव्हते. पतपेढीचेही तेच. तिथे कर्ज स्वस्त मिळे. पण ज्या तुटपुंज्या पगारापायी ते काढावे लागे, तो पगार गिरणीमालक ठरवत.

माझ्या मते जोशींच्या पुढच्या वाटचालीचे मूळ या अनुभवात आहे. १९१९ साली ते वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला गेले. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९२१ साली त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मागणारा ठराव मांडला. १९२२च्या दुरुस्तीने कारखान्यातले काम दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांवर आले. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. याचे श्रेय एकट्या लीगला किंवा जोशींना देता येणार नाही. १९१९ आणि १९२० सालच्या गिरणी संपांनी सरकारला आणि मालकांना आधीच हादरवले होते.

तरीही दानधर्म आणि हक्काची लढाई यांना एकमेकांचे वैरी ठरवणारी मांडणी मला पटत नाही. संप कधीतरी होतो. मुलाचा ताप आणि सावकाराचा तगादा रोजचा असतो. त्या रोजच्या अडचणीत जो दाराशी आला, त्याच्यावर चाळीने विश्वास टाकला. डिलाईल रोडला पुढे ना. म. जोशींचे नाव मिळाले, त्यामागे कायदेमंडळातली भाषणे आहेत, तितक्याच त्या कंदिलाच्या उजेडातल्या शाळाही आहेत.