ब्रेडेड दोरीला नायलॉनची गाठ का टिकत नाही? कुठे कोणती गाठ मारायची, जाणून घ्या

वर्सोवा, मढ, मार्वे किंवा गोराईच्या किनाऱ्यावर गळ घेऊन बसणाऱ्या हौशी मंडळींच्या रीळवर गेल्या काही वर्षांत एक बदल दिसतो. तंगुसाच्या जागी रंगीत, बारीक, विणलेली ब्रेडेड दोरी आली आहे. दुकानदार सांगतो, "हिला मरण नाही." पण जिताडा किंवा तांब लागतो, रॉड वाकतो आणि दुसऱ्याच क्षणी सगळं सैल पडतं. मासा गेला, गळही गेला.

अशा वेळी बऱ्याचदा दोरी तुटलेली नसते, गाठ सरकलेली असते. परत आलेलं टोक पाहिलं की फरक कळतो. टोक विस्कटून त्याचे तंतू सुटे झाले असतील, तर दोरी खडकावर किंवा कालवांवर घासली. टोक शाबूत असेल आणि शेवटचे काही सेंटिमीटर पिळलेले दिसत असतील, तर गाठ सुटली असं समजावं.

गाठ सरकते कशामुळे?

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध धागा. ताण आला की तो लांबतो, थोडा चपटतो आणि गाठीत स्वतःलाच आवळून धरतो.

ब्रेडेड दोरी पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंची असते. बहुतेक वेळा असे ४ किंवा ८ पदर एकत्र विणलेले असतात. हा पदार्थ मुळातच गुळगुळीत आहे, तो जवळपास ताणला जात नाही आणि पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगतो. त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ही दोरी कितीतरी बारीक असते. त्यामुळे ती लांब फेकता येते आणि माशाने केलेला हलका स्पर्शही हाताला जाणवतो. पण याच गुणांमुळे ओळखीची, तंगुसाला चार-पाच वेढे देऊन मारली जाणारी क्लिंच गाठ हिच्यावर पकड घेत नाही.

यावर दोन उपाय आहेत: दोरी दुहेरी करणे किंवा वेढे वाढवणे. ब्रेडेडसाठीच्या चांगल्या गाठी याच दोन गोष्टींवर उभ्या आहेत.

गळ बांधायला: पालोमार

नवशिक्यांनी आधी हीच शिकावी.

१. दोरीचं टोक साधारण १५ सेंटिमीटर दुमडून दुहेरी करा आणि तो फास गळाच्या नेढ्यातून ओवा.
२. दुहेरी दोरीचीच एक साधी, सैल गाठ मारा. गळ खाली लोंबत राहू द्या.
३. फास मोठा करून अख्ख्या गळावरून पलीकडे घ्या.
४. गाठ ओली करा आणि दोन्ही दोऱ्या एकत्र, सावकाश ओढा.
५. उरलेलं टोक ३-४ मिलिमीटर ठेवून कापा.

नेढ्यात दोरीचे दोन पदर बसत असल्याने ही गाठ सरकत नाही.

मोठा नकली मासा असेल तर: युनी

तीन-तीन काट्यांचे गळ लावलेला लूर फासातून काढताना दोरी अडकते. तिथे युनी गाठ सोयीची. टोक नेढ्यातून दोनदा ओवायचं, मागे वळवून गोल फास करायचा आणि त्या फासातून दोन्ही दोऱ्यांभोवती टोकाचे ६ ते ८ वेढे घ्यायचे. ओलं करून टोक ओढायचं आणि गाठ नेढ्यापर्यंत सरकवायची. तंगुसाला ४-५ वेढे पुरतात. ब्रेडेडला तेवढेच दिले तर गाठ निसटण्याचा धोका असतो.

लीडर जोडायला: डबल युनी की एफजी?

ताणलेली ब्रेडेड दोरी कालवांनी भरलेल्या खडकाला घासली की सहज कापली जाते. म्हणून शेवटचा एक-दोन मीटर भाग जाड नायलॉनचा किंवा फ्लोरोकार्बनचा ठेवतात. यालाच लीडर म्हणतात.

• डबल युनी: दोन्ही टोकं समोरासमोर ठेवून एकमेकांवर युनी मारायची. ब्रेडेडच्या बाजूने ८ वेढे, लीडरच्या बाजूने ४-५. वाऱ्यात, अंधारात, खडकावर उभं राहूनही जमते. मात्र गाठ जाडसर होते आणि फेकताना रॉडच्या कड्यांना लागते.

• एफजी: ताणून धरलेल्या ब्रेडेडचे लीडरवर एकदा वरून, एकदा खालून असे साधारण २० वेढे बसवायचे आणि शेवटी अर्ध्या गाठींनी बंद करायचं. लीडर स्वतः दुमडत नसल्याने गाठ बारीक राहते आणि कड्यांतून सुळकन जाते. ही घरी पंख्याखाली बसून शिकावी. भरती चढत असताना पहिला प्रयोग नको.

रीळवर दोरी का फिरते?

मासा ओढतो, रीळ मात्र जागेवर आणि दोरी अख्खी गोल फिरते. ब्रेडेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली की असं होतं. आधी काही मीटर तंगूस गुंडाळून त्याला ब्रेडेड जोडली, की पकड मिळते.

गाठ घरी कशी तपासाल?

बादलीच्या कडीला गळाऐवजी एक कडं किंवा स्विव्हल लावा आणि त्याला गाठ मारा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २० पौंडांची दोरी म्हणजे साधारण ९ किलो. बादलीत ५-६ लिटर पाणी घेऊन ती जमिनीपासून वीतभर उचला. गाठ सरकली, तर वेढे वाढवून पुन्हा मारा. दोरी हाताला गुंडाळून ओढू नका, ती कातडी कापते. काठीला किंवा जाड फडक्याला गुंडाळा. कापायला धारदार कात्री हवी, नेलकटरने टोक विस्कटतं.

प्रश्न फक्त माशाचा नाही

गळ खडकात अडकला की ओढताना जो जोड सगळ्यात कमजोर, तो तुटतो. तो रीळजवळ असेल तर ४०-५० मीटर दोरी पाण्यात राहते. ती कुजत नाही, तरंगते आणि तिवरांच्या मुळांत गुंतते. त्यामुळे लीडर ब्रेडेडपेक्षा थोड्या कमी ताकदीचा घ्यावा. मग तुटलं तरी गळाजवळ तुटतं.

नायलॉन मांजा पक्ष्यांचं काय करतो, हे मुंबईकरांनी पाहिलं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. किनाऱ्यावर टाकून दिलेली मासेमारीची दोरीही बगळ्याच्या पायात तशीच अडकते. घाटकोपर ते मुलुंडच्या पूर्वेला असलेल्या ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. तिथे हौसेखातर गळ टाकायचा विचारही नको. पवई तलावात परवानगी घेऊनच मासेमारी करावी आणि अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नये, कारण तिथे मगरी आहेत.

कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणा, बारीक कापा आणि मगच कचऱ्यात टाका.