गावासाठी पिकअप घेताय? आधी ठरवा, माणसं न्यायची की माल!

पहाटे टोमॅटोचे कॅरेट भरून बाजार समिती, दुपारी खताच्या गोण्या घेऊन परत आणि संध्याकाळी त्याच गाडीतून घरची मंडळी पाहुण्यांच्या हळदीला. गावाकडे ज्याच्या दारात पिकअप आहे, त्याचा दिवस साधारण असा जातो. म्हणूनच नवीन गाडीचा विषय निघाला की "कारपेक्षा पिकअप बरी, दोन्ही कामं होतात" असा सल्ला हमखास मिळतो.

पण ही दोन्ही कामं खरंच होतात का? किती माणसं बसवता येतात? पांढऱ्या पाटीची पिकअप मिळते का? आणि अपघात झाला तर विमा कोणाला मिळतो? पैसे भरण्याआधी हे समजून घ्यायला हवं.

पिकअपचे प्रकार किती?

पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या सगळ्याच गाड्यांना आपण सरसकट पिकअप म्हणतो. प्रत्यक्षात त्यांचे चार प्रकार पडतात.

१. मिनी ट्रक : २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजेच आपला 'छोटा हत्ती', आणि मारुतीची सुपर कॅरी या वर्गातल्या. गल्लीबोळातून, अरुंद शिवाररस्त्यावरून जातात, वळायला सोप्या असतात. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि आणखी एक जण बसतो.

२. सिंगल केबिन पिकअप : महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, टाटा इंट्रा, अशोक लेलँड दोस्त वगैरे. साधारण एक ते दीड टन माल वाहणाऱ्या या गाड्या बाजार समितीच्या आवारात सगळ्यात जास्त दिसतात.

३. डबल केबिन मालवाहू : बोलेरो कॅम्पर हे ओळखीचं उदाहरण. ड्रायव्हर धरून पाच जण केबिनमध्ये बसतात, मात्र हौदा आखूड होतो.

४. खासगी वापराची पिकअप : २०१६ मध्ये भारतात आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स. आत एसयूव्हीसारख्या सोयी, मागे हौदा आणि फोर बाय फोर. पण किंमतही मोठ्या एसयूव्हीएवढी किंवा तिच्याहून जास्त.

आधी एक कागद घ्या

शोरूमला जाण्यापूर्वी मागच्या एका महिन्याचा हिशोब लिहून काढा. माल किती वेळा नेला, दर वेळी किती किलो होता, माणसं किती वेळा नेली आणि एका वेळी किती होती. या चार आकड्यांवरून कोणती गाडी घ्यायची ते बरंचसं ठरतं.

मालाचं गणित करताना हौद्यात किती मावतं ते पाहू नका, आरसीवर काय लिहिलंय ते पाहा. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन. दोन्हींतला फरक हीच गाडीची कायदेशीर क्षमता. समजा, एकूण वजन २,९९० किलो आणि रिकाम्या गाडीचं १,६९० किलो आहे. फरक १,३०० किलोंचा. त्यातून केबिनमधल्या दोन माणसांचे दीडशे किलो वजा केले की उरले १,१५०. म्हणजे ५० किलोच्या २३ गोण्या. हौदा अर्धा रिकामा दिसला तरी हिशोब इथे संपतो.

जास्त भरलं तर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये अशी तरतूद आहे. शिवाय पाटे बसतात, टायर तापून फुटतात आणि उतारावर ब्रेक कमी पडतात, तो खर्च वेगळा.

हौद्यात माणसं बसवली तर?

पिकअप निवडताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. लग्न, जत्रा, देवदर्शन, मजुरांची ने-आण, अगदी अंत्ययात्रा, गावात या सगळ्याला पिकअपचा हौदा वापरला जातो.

११ ऑगस्ट २०२५ चा श्रावणी सोमवार. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या महिला पिकअपमधून कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. घाटाच्या चढावर गाडी मागे आली आणि खाली कोसळली. त्यात अनेक महिलांचा जीव गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांच्या पिकअपलाही भीषण अपघात झाला.

असे अपघात जीवघेणे का ठरतात? कांद्याच्या गोण्या हौद्यात खाली, एकमेकींना टेकून बसतात. माणसं मात्र उभी राहतात किंवा कडेच्या फाळक्यावर बसतात. त्यामुळे गाडीचा भार वर जातो. वळणावर सगळे एका बाजूला झुकले की भारही त्या बाजूला सरकतो आणि गाडी कलंडायला वेळ लागत नाही. तीव्र चढावर सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. त्यातच गाडी बंद पडली, तर भरलेल्या गाडीला मागे येताना थोपवणं अवघड जातं. हौद्यात ना सीट, ना बेल्ट, ना छप्पर. गाडी उलटली की माणसं बाहेर फेकली जातात किंवा गाडीखाली येतात.

विम्याचं काय?

मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा हौद्यात बसलेल्या प्रवाशांसाठी नसतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये 'न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी' या प्रकरणात हे स्पष्ट केलं. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाडं देऊन प्रवास करणाऱ्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा त्याचा अर्थ.

कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने एक सवलत दिली. गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत जात असेल तर त्याला विम्याचं संरक्षण आहे. पण २००७ च्या चोलेटी भारतम्मा प्रकरणात न्यायालयाने त्याचीही मर्यादा सांगितली. मालकाने केबिनमध्ये बसलेलं असलं पाहिजे. "कांदा माझाच होता, म्हणून मी हौद्यात गोण्यांवर बसलो होतो" हे चालत नाही.

गाडीमालकाने कामावर ठेवलेला ड्रायव्हर आणि हमाल यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यापैकी किती जणांचा प्रीमियम भरलाय, ते पॉलिसीवर लिहिलेलं असतं. विमा घेतानाच ते वाचून घ्या.

काही खटल्यांत न्यायालय विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतं आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. म्हणजे जखमींच्या हातात पैसे आले तरी शेवटी वसुली गाडीमालकाकडूनच होते. शेजाऱ्यांना मदत म्हणून फुकट नेलं, तरी यात फरक पडत नाही. एका फेरीपायी शेत विकायची वेळ येऊ शकते.

पिवळी पाटी की पांढरी?

मिनी ट्रक आणि सिंगल केबिन पिकअप यांची नोंद सहसा मालवाहू म्हणून होते आणि पिवळी नंबर प्लेट मिळते. बहुतेक डबल केबिन मालवाहू गाड्यांचंही तसंच. व्ही-क्रॉस आणि हायलक्स यांसारख्या गाड्या पांढऱ्या पाटीवर, खासगी म्हणून नोंदवता येतात. पाटीच्या रंगावरून चार गोष्टी बदलतात.

• पासिंग : मालवाहू गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी घ्यावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी थेट १५ वर्षांची असते.

• विमा : जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला १६,०४९ रुपये आहे. १,५०० सीसीवरच्या खासगी कारसाठी तो ७,८९७ रुपये आहे.

• वेग : मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरला अडवणारा स्पीड गव्हर्नर असतो. रोज हायवेने लांबचा प्रवास असेल तर हे जाणवतं.

• भाडं : पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पैसे घेऊन माल वाहता येत नाही. गाडीचा हप्ता भाडी मारून फेडायचा विचार असेल तर पिवळी पाटीच हवी.

लायसन्स आणि परमिट

चारचाकी हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स पिकअपला पुरतं. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला वेगळ्या नोंदीची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केलं.

परमिटचा नियम वजनावर आहे. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. अनेक पिकअपचं आरसीवरचं वजन २,९०० ते २,९९० किलोंच्या आसपास असतं, त्यामागे हेही एक कारण आहे. त्याहून जड मॉडेल घेतलं तर परमिटचा खर्च आणि कागदपत्रं धरून चाला.

रस्ता कसा आहे?

पिकअपच्या मागच्या चाकांना पोलादी पाटे असतात, तेही टनभर वजन पेलण्याच्या हिशोबाने बसवलेले. भरलेली गाडी शांत चालते, पण रिकामी गाडी खड्ड्यांतून उसळते. आजारी माणूस, गरोदर बाई किंवा म्हातारे आई-वडील यांना घेऊन नेहमी तालुक्याला जायचं असेल, तर केबिनमध्ये जागा असूनही हा प्रवास त्रासाचा ठरतो.

दुसरी अडचण चिखलाची. बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते आणि रिकाम्या गाडीत नेमकं तिथेच वजन कमी असतं. पावसाळ्यात काळ्या रानात किंवा कोकणातल्या ओल्या चढावर चाकं जागीच फिरतात. वर्षातले चार महिने अशीच वाट असेल तर फोर बाय फोरचा विचार करावा. दोन-चार दिवसांचाच प्रश्न असेल तर चांगल्या नक्षीचे टायर पुरतात.

सुरक्षेच्या बाबतीतही फरक आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एनकॅपची स्टार देण्याची चाचणी प्रवासी गाड्यांसाठी आहे, मालवाहू पिकअप त्यात येत नाहीत. त्यामुळे एअरबॅग आणि एबीएस आहे की नाही, हे मॉडेलनुसार स्वतः विचारून घ्यावं लागतं.

डिझेल, सीएनजी की इलेक्ट्रिक?

जड माल, घाट आणि लांबचा पल्ला असेल तर डिझेल. मात्र एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असू शकतो. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्या तर तो चोंदतो. अधूनमधून गाडी सलग पळवावी लागते.

सीएनजी स्वस्त पडतं, पण जवळचा पंप किती लांब आहे आणि तिथे रांग किती असते ते आधी पाहा. सिलिंडरचं वजन आणि जागा हेही गणितात धरा. इलेक्ट्रिक मिनी ट्रक ठरलेल्या मार्गावर, दूध संकलनासारख्या रोजच्या फेरीला सोयीचा आहे. अट एकच, रात्री चार्जिंगच्या वेळी वीज असली पाहिजे.

जुनी घेत असाल तर

पिकअप आधी काय वाहत होती ते विचारा. वाळू-खडी वाहिलेल्या गाडीची चासी वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली असू शकते, म्हणून गाडीखाली वाकून पाहा. पाटे वाढवलेले असतील तर गाडी ओव्हरलोड चालवली गेली असण्याची शक्यता मोठी. पासिंग, विमा, थकलेली ई-चलानं आणि आरसीवरचा बँकेचा बोजा तपासा. गाडी लगेच नावावर करून घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

मग कोणी कोणती घ्यावी?

• आठवड्यातून अनेकदा माल, माणसं दोनच : सिंगल केबिन पिकअप. माल टनाच्या आत आणि रस्ते अरुंद असतील तर मिनी ट्रक.

• माल बेताचा, सोबत तीन-चार माणसं : डबल केबिन.

• बजेट मोठं, भाडी मारायची नाहीत, खराब रस्त्यावरून नेहमीचा प्रवास : खासगी नोंदणीची फोर बाय फोर पिकअप.

• माणसं रोज, माल हंगामापुरता : पिकअप घेऊच नका. घरासाठी सात सीटची गाडी घ्या आणि हंगामात मालासाठी पिकअप भाड्याने सांगा. वर्षाचा हप्ता, विमा आणि पासिंग यांची बेरीज भाड्याच्या फेऱ्यांशी ताडून पाहिली की फरक समजतो.

आणि पंधरा-वीस माणसांचं काय? त्यासाठी भाड्याची प्रवासी क्रूझर किंवा मिनीबस आहे. लग्न-जत्रेसाठी एसटी महामंडळाची बस प्रासंगिक करारावर आगारातून ठरवता येते. पिकअपच्या फेरीपेक्षा हे महाग पडतं, पण माणशी वाटून घेतलं की रक्कम आवाक्यात येते.

पिकअप ही गावच्या कामाची गाडी आहे, यात शंका नाही. ती घेताना केबिनमधल्या सीट मोजा आणि घरातली माणसं मोजा. सीट कमी पडत असतील, तर उरलेल्यांची सोय हौद्यात करू नका.