पहिला भाव कुणी सांगायचा?

जानेवारी 2000. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दोन बेडरूमच्या घरात आम्ही चौघं राहायचो. चौघंही वायटूकेच्या लाटेवर बसून अमेरिकेत आलेले. 31 डिसेंबरची रात्र पार पडली, जगातले संगणक काही बंद पडले नाहीत, आमची कामं तेवढी बंद पडली. मला नशिबाने लगेच दुसरं कंत्राट मिळालं होतं, पण पहिला पगार यायचा होता आणि बँकेत तीनशे-साडेतीनशे डॉलर उरले होते.

तेव्हा आई मिनियापोलिसला ताईकडे होती. बाळंतपणासाठी सहा महिने आलेली. सोमवारी ती ॲम्स्टरडॅममार्गे मुंबईला परत जाणार होती आणि या सहा महिन्यांत मी तिला एकदाच भेटलो होतो, बारशाला. पुन्हा भेट कधी, ते व्हिसावाल्यांनाच ठाऊक. बसने जायचं तर एका बाजूलाच दिवसभराहून जास्त. मला शुक्रवारी रात्रीपर्यंत ऑफिस, सोमवारी सकाळी पुन्हा हजर. म्हणजे विमानच. बुधवारी संध्याकाळी फोन करून विचारलं, तर शनिवार-रविवारचं जाऊन-येऊन तिकीट सव्वाचारशे डॉलरच्या पुढे.

"बोली लाव की," रूममेट म्हणाला.

त्या काळात विमानाच्या तिकिटांवर बोली लावायच्या दोन-चार साइट होत्या. त्यांतली एक उघडली. (नेट चालू केलं की घरचा फोन बंद, त्यामुळे उरलेले दोघं इंडिया कॉलिंग कार्ड हातात धरून माझ्याकडे रागाने बघत उभे.) फॉर्म छोटाच होता. कुठून, कुठे, कोणत्या तारखेला, आणि किती देणार? पहिल्या तीन रकान्यांना वेळ लागला नाही. चौथ्यापाशी मी अर्धा तास बसलो.

कारण अटी अशा होत्या: क्रेडिट कार्डाचा नंबर आधी द्यायचा. सकाळी सहा ते रात्री दहा यांमधलं कुठलंही विमान चालेल, असं कबूल करायचं. मध्ये एकदा विमान बदलावं लागलं तरी तक्रार नाही. कंपनी कोणती, वेळ कोणती, हे पैसे कापल्यावर कळणार. 'हो' आलं की तिकीट बदलता येणार नाही, परत करता येणार नाही. 'नाही' आलं तर हीच बोली सात दिवस पुन्हा लावता येणार नाही. माझ्याकडे बुधवार होता आणि शनिवारी निघायचं होतं. थोडक्यात, एकच खडा.

80 लिहिले, खोडले. 150 लिहिले, खोडले. शेवटी 118. वर कर आणि फी. 120 लिहायला हात होईना, म्हणून 118.

तासाभरात उत्तर येईल असं लिहिलं होतं. पाचच मिनिटांत आलं: अभिनंदन! आधी उडी मारली. मग पोटात काहीतरी हललं. पाच मिनिटांत?

त्या पाच मिनिटांच्या मागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

अमेरिकेत 1938 पासून विमानाचं भाडं सरकार ठरवत असे. सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड नावाचं खातं कोणती कंपनी कुठून कुठे उडेल आणि काय भाडं घेईल हे सांगायचं. कंपन्यांनी भांडायचं कशावर, तर जेवणावर आणि गणवेशावर. भाडं चढं, त्यामुळे विमानं अर्धवट रिकामी. पण सुटलेल्या विमानातल्या रिकाम्या सीटचं काय करणार? भाजीवाल्याची कोथिंबीर संध्याकाळी निम्म्या भावाने तरी जाते. विमानाचं दार लागलं की सीटची किंमत शून्य.

या क्षेत्रात लिलावाची कल्पना पहिल्यांदा मांडली ती मात्र रिकाम्या सीटसाठी नव्हे, जास्त भरलेल्या विमानांसाठी. ज्युलियन सायमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1968 मध्ये लेख लिहिला. तिकीट काढून न येणारे बरेच असतात, म्हणून कंपन्या सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात. मग सगळेच आले तर कुणाला उतरवायचं? सायमन म्हणाला, प्रवाशांना एकेक लिफाफा द्या. किती पैसे मिळाले तर पुढच्या विमानाने जाल, तो आकडा प्रत्येकाने लिहायचा. सगळ्यांत कमी आकडा ज्याचा, त्याला तेवढे पैसे देऊन थांबवा. कुणावर जबरदस्ती नाही. कंपन्यांनी दहा वर्षं त्याला दाद दिली नाही. 1978 मध्ये त्या बोर्डाचा अध्यक्ष आल्फ्रेड कान हा स्वतः अर्थतज्ज्ञ होता. त्याच्या काळात आधी स्वखुशीने उतरणारे शोधायचे, असा नियम झाला. गेटवर 'कुणी थांबायला तयार आहे का' अशी घोषणा ऐकली असेल, तिचं मूळ इथे. डेल्टाने 2011 पासून तर चेक-इनच्या वेळीच आकडा विचारायला सुरुवात केली. लिफाफा गेला, स्क्रीन आली.

त्याच कानने बोर्डाच्याच मुळावर घाव घातला. ऑक्टोबर 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि भाडी मोकळी झाली. 1981 मध्ये नेवार्कहून पीपल एक्सप्रेस उडायला लागली. भाडं इतकं कमी, की बसने जाणारे विमानात बसायला लागले. जुन्या कंपन्यांची झोप उडाली. त्यावर अमेरिकन एअरलाइन्सचा प्रमुख रॉबर्ट क्रँडल याने जे उत्तर शोधलं, त्यात आपण सगळे आजही अडकलेलो आहोत. 1985 च्या जानेवारीत अमेरिकनने पीपल एक्सप्रेसच्या तोडीची भाडी जाहीर केली, पण सगळ्या सीटवर नाही. कुठल्या विमानात स्वस्त सीट किती विकायच्या आणि शेवटच्या दिवशी धावत येणाऱ्या साहेबलोकांसाठी महाग सीट किती राखायच्या, हे संगणक ठरवणार. स्वस्त तिकीट हवं तर आधी काढा, परत करू नका, शनिवारची रात्र तिकडेच काढा. या अटी त्रास द्यायला नव्हत्या, माणसं ओळखायला होत्या. शनिवारी मुक्काम करणारा तो हौशी प्रवासी, शुक्रवारी घरी परतू पाहणारा तो कंपनीच्या पैशाने फिरणारा. 1987 मध्ये पीपल एक्सप्रेसचं नाव पुसलं गेलं.

शेजारशेजारच्या दोन सीटचे भाव वेगळे असू शकतात, ही गोष्ट तेव्हापासूनची. तरीही नव्वदीच्या अखेरीला अमेरिकेतल्या विमानांत दहापैकी सुमारे तीन सीट रिकाम्या जात होत्या. त्या स्वस्तात विकल्या, तर महाग तिकीट काढणारेही तिकडेच वळणार. न विकल्या, तर वाया. स्वस्तात विकायच्या, पण विकतोय हे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी सोय हवी होती.

ती सोय कनेक्टिकटमधल्या जे वॉकरने काढली. एप्रिल 1998 मध्ये त्याची प्राइसलाइन सुरू झाली. घोषवाक्य साधं: तुमची किंमत तुम्हीच सांगा. ऑगस्टमध्ये या पद्धतीचं पेटंटही मिळालं. लोक याला लिलाव म्हणायचे, उलटा लिलाव म्हणायचे. खरं सांगायचं तर तो लिलावच नव्हता. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात चार व्यापारी एकमेकांच्या तोंडावर बोली चढवतात, शेतकरी समोर उभा असतो. इथे दुसरा कुणी बोली लावणाराच नव्हता. विमान कंपन्या आपले छुपे भाव संगणकात ठेवत. तुमचा आकडा छुप्या भावाच्या वर गेला की व्यवहार झाला. वर किती गेला, ते तुम्हाला कळत नसे. समजा छुपा भाव 90 आहे आणि तुम्ही 118 म्हणालात, तर मधले 28 दुकानदाराचे.

कंपनीचं नाव आणि वेळ लपवायचं कारणही आता कळेल. मीटिंगला निघालेला माणूस सकाळी सहा की रात्री दहा हे न कळता तिकीट काढणार नाही. म्हणजे नाव लपवणं हीसुद्धा एक चाळणी. शनिवारच्या मुक्कामासारखीच, फक्त जास्त बारीक. क्रँडलच्या अटींनी माणसाच्या प्रवासावरून त्याचा खिसा ओळखायचा प्रयत्न केला होता. वॉकरने खिशातला आकडाच त्याच्याकडून लिहून घेतला.

सुरुवातीला मोठ्या कंपन्या आल्याच नाहीत. तेव्हा ग्राहक निराश होऊ नयेत म्हणून प्राइसलाइन कित्येक तिकिटं पदरचे पैसे घालून विकत होती. मग शेअरांचे हक्क देऊन डेल्टाला ओढलं, आणि इतर येत गेल्या. जाहिरातीला 'स्टार ट्रेक'मधला विल्यम शॅटनर. 30 मार्च 1999 ला शेअर बाजारात आला तो 16 डॉलरला आणि संध्याकाळी 69 वर बंद झाला. एकही विमान नसलेली कंपनी एका दिवसात दहा अब्ज डॉलरच्या घरात गेली. मग किराणा आणि पेट्रोलसुद्धा बोलीवर विकायचा उद्योग निघाला. दुधाच्या पिशवीसाठी कोण पंचवीस मिनिटं विचार करत बसणार? ऑक्टोबर 2000 मध्ये तो बंद पडला, आणि वर्ष संपता संपता प्राइसलाइनचा शेअर एक-दोन डॉलरवर लोळत होता.

माझं तिकीट. शनिवारी सकाळी पावणेसातला नेवार्कहून डेट्रॉइट, तिथे तीन तास बसायचं, मग मिनियापोलिस. पोचेपर्यंत दुपारचा एक. परतीचं विमान रविवारी सकाळी सातला. सकाळी सहा ते रात्री दहा हे मीच कबूल केलेलं, त्यामुळे कुणाला काही बोलायची सोय नव्हती. हातात अठरा तास. त्यांतले विमानतळावर जाण्यायेण्याचे तीन वजा. बाहेर उणे वीस तापमान. आईने संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या माझ्यासाठी ठेवल्या होत्या.

रात्री भाची झोपल्यावर आई स्वयंपाकघरात आली आणि तिने विचारलं, "किती पडले रे?"

मी सगळी पद्धत समजावली. रकाना, छुपा भाव, पाच मिनिटं. आईने आयुष्यभर पुण्याच्या मंडईत भाजी घेतलेली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे पहिला भाव तू सांगितलास?"

"तसंच असतं तिथे."

"गिऱ्हाइकाने पहिला भाव सांगायचा नसतो. आणि तो लगेच हो म्हणाला?"

"पाच मिनिटांत."

"मग जास्त सांगितलास." आणि पोळीवर तूप वाढलं.

पुढे कधीतरी लिलावांवरचं एक पुस्तक चाळताना कळलं, की लिलाव जिंकणाऱ्याला नंतर होणाऱ्या पश्चात्तापावर अर्थतज्ज्ञांनी ढीगभर लिहिलं आहे. मला त्या रात्री तूप जास्त लक्षात राहिलं. आम्ही झोपलोच नाही. तिने मला सोडायला पहाटे चारला ताईला उठवलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी बोल्या लावत होतो, हळूहळू हुशारही झालो. पण खेळ बदलत होता. 2002 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी एजंटांचं नेहमीचं कमिशन बंद केलं आणि स्वस्त तिकिटं स्वतःच्याच साइटवर विकायला सुरुवात केली. विमानं कमी केली, सीट भरायला लागल्या. दहापैकी सात सीट भरायच्या तिथे आठांहून जास्त. लपवून विकायला रिकामी सीट उरली कुठे? लिलाव मग गंमत म्हणून उरले. सप्टेंबर 2008 मध्ये जेटब्लूने तीनशेच्या वर तिकिटं ईबेवर काढली, बोलीची सुरुवात पाच-दहा सेंटपासून. बातमी झाली, जाहिरात झाली. प्राइसलाइनने 2005 मध्ये युरोपातली बुकिंग डॉट कॉम विकत घेतली, तिच्यावर ती गबर झाली, आणि 2018 मध्ये मूळ कंपनीने तिचंच नाव लावलं. विमानाच्या तिकिटांवरची बोली 2016 मध्ये बंद.

आपल्याकडे हा प्रकार रुजलाच नाही. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली, तिची एक रुपयाची तिकिटं लोकांना आठवतात. ती बोली नव्हती, आधी पोचेल त्याचं नशीब होतं. आणि गंमत बघा, अमेरिकेत बोली बंद झाली त्याच 2016 मध्ये आपल्या रेल्वेने राजधानी, दुरांतो आणि शताब्दीला चढतं भाडं लावलं: दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वर, कमाल दीडपट. क्रँडलचा संगणक तीस वर्षांनी राजधानीत चढला.

तुम्ही फोनवर तिकीट बघता, रात्री भाव वेगळा, सकाळी वेगळा. आता तुम्हाला आकडा कुणी विचारत नाही, तो ताडला जातो. विचारतात ते एकाच ठिकाणी: वरच्या वर्गासाठी. मॉन्ट्रियलची प्लसग्रेड नावाची कंपनी 2009 पासून विमान कंपन्यांना ही सोय पुरवते. तिकीट काढून झालं की मेल येतो, बिझनेस क्लाससाठी बोली लावा.

गेल्या वर्षी मला असा मेल आला. ताईच्या त्याच मुलीचं लग्न होतं, आईला घेऊन मुंबईहून निघायचं होतं. आई ऐंशी पार, गुडघे गेलेले. चौदा-पंधरा तास पाय मुडपून बसणं तिला झेपणार नव्हतं, आणि बिझनेस क्लासचं पूर्ण भाडं मला झेपणार नव्हतं. स्क्रीनवर एक सरकपट्टी. डावीकडे 'कमकुवत', उजवीकडे 'भक्कम'. बोट सरकवलं की काटा हलतो, रंग बदलतो, आणखी थोडं सरकव म्हणतो. छुपा भाव इथेही दिसत नाही. काटा कोणाच्या बाजूचा आहे, हे आई शेजारी नसती तर माझ्या लक्षात आलं नसतं.

"हे कोण सांगतंय भक्कम म्हणून?" तिने चष्म्यातून विचारलं. "विकणाराच ना?"

मी काटा मधोमध ठेवला आणि पाठवून दिलं. निघायच्या आदल्या दिवशी मेल आला: क्षमस्व, आपली बोली स्वीकारता आली नाही. मला वाईट वाटलं. थोडं आणखी सरकवायला हवं होतं, तिच्या गुडघ्यांसाठी तरी. तिला सांगितलं.

"नाही म्हणाले का?" आई औषधांच्या पुड्या बांधत होती. "मग बरोबर सांगितलं होतंस."

मग म्हणाली, बाजूची सीट तेवढी माग, पाय लांब करता येतील. ती मिळाली. 38 वी रांग, बाथरूमजवळ.