गोष्ट सांगणारे यंत्र
अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरात (शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) गोष्टी दगडात आहेत, त्या उलगडून सांगायला मात्र माणूस लागतो. हा माणूस यंत्रात बसवण्याचा एक मोठा प्रयत्न लवकरच फसला. १८९० साली एडिसनने बाहुलीच्या पोटात छोटा फोनोग्राफ घातला. पाठीचा दांडा फिरवला की बाहुली बडबडगीत म्हणे. पण मेणाची नळी झिजे, आवाज भेसूर येई. काही आठवड्यांतच विक्री थांबली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. नभोवाणीवरची गोष्ट ठरल्या वेळीच येई. हुकली की गेली. मुलांना तर तीच गोष्ट दहादा हवी असते! २०१६ मध्ये जर्मनीत आलेल्या टोनीबॉक्सने ते साधले: वर चिमुकली मूर्ती ठेवली की गोष्ट सुरू, उचलली की बंद. पडदा नाही, आणि गोष्ट निवडायला अक्षरओळखही लागत नाही.