भूमिगतांची नोंद आणि आवेदनपत्राचा नमुना

सन १९४२ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या उन्हाळ्यापर्यंत तत्कालीन सातारा जिल्ह्यात जी चळवळ चालली, तिच्या इतिहासाची साधने सामान्यतः तीन प्रकारची मानली जातात : सरकारी दप्तर, समकालीन वृत्तपत्रे आणि कार्यकर्त्यांच्या आठवणी. यांत चौथ्या एका साधनाची भर घातली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर पाव शतकाने, सन्मानवेतनासाठी म्हणून, या चळवळीत भाग घेणाऱ्यांकडून जी छापील आवेदनपत्रे भरून घेतली गेली ते हे साधन होय. चळवळीत भाग घेतलेल्या सामान्य माणसाची माहिती गोळा करण्याचा इतका व्यापक प्रयत्न अन्य कोणीही केलेला नाही. तथापि या साधनाचा उपयोग करणाऱ्याने प्रथम त्याचा साचा तपासणे अवश्य आहे. कारण कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या पुराव्यानिशी विचारले गेले, यावरच उत्तरात कोण उरला व कोण गळला हे ठरले आहे.

केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी, अंमलात आली. वर्षाला पाच हजार रुपयांपेक्षा अधिक उत्पन्न नसलेल्या स्वातंत्र्यसैनिकास दरमहा दोनशे रुपये, असे तिचे आरंभीचे स्वरूप होते. १ ऑगस्ट १९८० पासून उत्पन्नाची अट काढून टाकण्यात आली, रक्कम तीनशे झाली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. साहाय्याचे रूपांतर गौरवात झाले, असे या बदलाचे वर्णन करता येईल. अर्जाची रीत मात्र गौरवाच्या कल्पनेशी फारशी जुळणारी नव्हती. आवेदनपत्र दोन प्रतींत भरावयाचे. एक प्रत राज्य सरकारकडे, दुसरी दिल्लीस गृहमंत्रालयाकडे. राज्य सरकारने जिल्ह्याच्या दप्तरावरून पडताळणी करून आपला अभिप्राय पाठवावयाचा व त्यानंतर केंद्राने निर्णय द्यावयाचा. प्रत्येक पायरीवर अर्जदाराने कोणता कागद जोडावा हे नमुन्यातच नमूद केलेले होते. म्हणजे हा नमुना अर्जदाराला हात धरून पुढे नेणारा होता. परंतु एका पायरीवर कागद नसला तर पुढची पायरी दिसत नसे.

अर्जदाराने प्रथम आपला प्रकार निवडावयाचा. प्रकार बरेच होते : किमान सहा महिने कारावास (स्त्रियांना व अनुसूचित जातिजमातींच्या व्यक्तींना पुढे तीन महिने), सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत राहणे, स्थानबद्धता वा हद्दपारी, मालमत्तेची जप्ती, गोळीबारात अथवा लाठीमारात आलेले कायमचे अपंगत्व, नोकरी जाणे, फटक्यांची शिक्षा. हुतात्म्यांच्या वारसांचा प्रकार निराळा होता. कारावासाचा पुरावा म्हणून तुरुंगाचा अथवा जिल्हाधिकाऱ्याचा दाखला मागितला जाई आणि तो न मिळाल्यास सहबंद्यांची प्रमाणपत्रे चालत. तुकड्यातुकड्यांनी भोगलेली कैद एकत्र मोजली जाई. येथवर सर्व सरळ आहे. अडचण भूमिगतांच्या रकान्यापाशी सुरू होते. भूमिगत राहिलेल्या व्यक्तीस फरारी गुन्हेगार म्हणून जाहीर केलेले असावे, अथवा तिच्या अटकेसाठी बक्षीस लावलेले असावे, अथवा तिच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघूनही तो बजावला गेलेला नसावा, अशी अट होती. देशासाठी दडून राहिलेल्या माणसाने आपण दडून होतो हे सिद्ध करावयाचे ते ज्या राजवटीपासून तो दडला होता तिच्याच पोलिसांच्या कागदाने.

साताऱ्याच्या चळवळीला ही अट किती विषम रीतीने लागू पडते हे तिचे दोन कालखंड वेगळे केल्यावाचून कळत नाही. पहिला कालखंड मोर्चांचा. २४ ऑगस्ट १९४२ रोजी कऱ्हाडच्या कचेरीवर, ३ सप्टेंबरला तासगावी, ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपुरास हजारोंचे मोर्चे गेले. तासगावास अंमलदारांच्या डोक्यांवर गांधी टोप्या चढल्या. वडुजास गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. इस्लामपुरासही बळी गेले. हे सर्व उघड्यावर, भर दिवसा, सरकारच्या दारात घडले. त्यामुळे धरपकड झाली, खटले झाले, शिक्षा झाल्या आणि तुरुंगांच्या नोंदवह्यांत नावे चढली. या खंडातील कार्यकर्त्यांना आवेदनपत्राचा नमुना जणू अंगाबरोबर शिवल्यासारखा बसतो.

दुसरा कालखंड १९४३ च्या आरंभापासूनचा. गोळीबारानंतर निःशस्त्र मोर्चांचा मार्ग खुंटला आणि क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड प्रभृतींच्या नेतृत्वाखाली भूमिगत गट उभे राहिले. कुंडलास तुफान सेना निघाली, गावोगाव न्यायदान मंडळे बसली, आणि ज्याला लोकांनी ‘पत्री सरकार’ म्हटले व कार्यकर्त्यांनी ‘प्रति सरकार’ म्हटले तो कारभार चालू झाला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी आगगाडी अडविण्यात आली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात सरकारी खजिना हस्तगत करण्यात आला. (या प्रसंगांस ‘लूट’ हा शब्द लावण्यास तुफान सेनेच्या वृद्ध सैनिकांची अखेरपर्यंत हरकत होती, आणि ती रास्त आहे, पोलिसांचा शब्द इतिहासाने तपासल्याविना घेऊ नये.) या कालखंडाचे यश कागद मागे न ठेवण्यात होते. निरोप तोंडी जात, मुक्काम रोज बदलत, नावे बदललेली असत. ज्याचे नाव पोलिसांना शेवटपर्यंत कळलेच नाही तो उत्तम भूमिगत. आणि आवेदनपत्राच्या दृष्टीने नेमका तोच पुराव्यावाचूनचा अर्जदार.

पुढाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या नावांवर हुकूम होते, त्यांच्या मागावर पोलीस होते. नाना पाटलांची घरजमीनही जप्त झाली होती. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि गोळी लागून पुन्हा पकडले गेले. किसन वीर १ नोव्हेंबर १९४४ रोजी येरवड्याहून निसटले. तुरुंग फोडणाऱ्यामागे कागद दुप्पट राहतो. परंतु रात्री चिठ्ठी पोहोचविणारा वाळवे तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा, अथवा उसाच्या फडात बंदुका पुरून ठेवणारा गडी, यांना वॉरंटाचा मान मिळालेला नव्हता. ज्यांना तो मिळाला होता त्यांचेही प्रकरण पुष्कळदा अपुरे राहिले. कारण एप्रिल १९४६ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यावर वॉरंटे मागे घेण्यात आली. मागे घेतलेल्या वॉरंटापुढे खटला नाही, खटल्यावाचून निकाल नाही, आणि निकालावाचून दाखला नाही. आपल्याच मंत्रिमंडळाच्या उदार निर्णयाने आपला पुरावा नाहीसा व्हावा, हा प्रकार चमत्कारिक खरा.

कागद नसल्यास नमुन्याने एक पळवाट ठेवली होती. सरकारी दप्तर उपलब्ध नाही असा राज्य सरकारचा दाखला आणि त्यासोबत ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र जोडता येई. हा ज्येष्ठ सैनिक कोण? ज्याने स्वतः पाच वर्षे वा त्याहून अधिक कारावास भोगला आहे तो. या पाच वर्षांचा हिशेब साताऱ्यापुरता मांडून पाहावा. ९ ऑगस्ट १९४२ पासून एप्रिल १९४६ पर्यंतचा सारा काळ तीन वर्षे आठ महिने भरतो. पहिल्याच दिवशी पकडला गेलेला व शेवटच्या दिवशी सुटलेला कैदीही केवळ या चळवळीच्या बळावर प्रमाणपत्र देण्यास पात्र होत नाही. म्हणजे साक्षीदार १९३० व १९३२ च्या सत्याग्रहांतही दीर्घकाळ तुरुंगात असलेला हवा. आणि जो १९४२ नंतरही तुरुंगातच होता, त्याला डोंगरात कोण कोठे दडले होते हे प्रत्यक्ष ठाऊक असण्याचा संभव थोडा. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तुरुंग होता, डोंगर नव्हता. पुढे ही मर्यादा दोन वर्षांवर आली, तेव्हा गाठ काहीशी सैल झाली.

साक्षीदार अर्जदाराच्याच प्रशासकीय घटकातील असावा, अशीही अट होती. सातारा-सांगलीच्या बाबतीत घटक म्हणजे काय, हाच प्रश्न आहे. कुंडल हे प्रति सरकारचे केंद्र. पण १९४२ मध्ये ते ब्रिटिश मुलखात नव्हते, औंध संस्थानात होते. सांगली, मिरज, जत यांची संस्थाने निराळी होती आणि ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या हद्दीत त्यांच्या जमिनी विखुरलेल्या होत्या. एका हद्दीतून दुसरीत पाऊल टाकले की पाठलाग मंदावतो, हे भूमिगतांचे शास्त्रच होते. १९४८ साली संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. १९६० मध्ये दक्षिण सातारा ‘सांगली’ झाला व उत्तर सातारा पुन्हा ‘सातारा’. त्यामुळे येडे मच्छिंद्र, कुंडल, वाळवे, तासगाव आज सांगली जिल्ह्यात, तर कऱ्हाड, शेणोली, वडूज सातारा जिल्ह्यात आहेत. शेणोलीच्या प्रसंगात सामील असलेल्या कुंडलच्या सैनिकाने आपला जिल्हा कोणता लिहावा? घटना एका जिल्ह्यात, घर दुसऱ्यात, त्या वेळचे संस्थान तिसरेच, आणि गृहखात्याच्या गोपनीय शाखेचे कागद मुंबईस! नमुन्यात जिल्ह्याचा रकाना एकच होता.

राज्य सरकारने हे जाणले नाही असे नाही. ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयाने भूमिगतांच्या पुराव्याची वेगळी मांडणी केली. अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र, घरापासून दूर राहावे लागले किंवा शिक्षण सोडावे लागले याचा आधार, शिक्षा भोगलेल्या अथवा फरारी घोषित झालेल्या दोन स्वातंत्र्यसैनिकांची प्रमाणपत्रे, आणि शेवटी जिल्हा गौरव समितीची शिफारस, असा तो क्रम होता. फरारी माणसाची साक्ष येथे प्रथमच बंद्याच्या साक्षीच्या जोडीला बसली. न्यायालयांनीही पुराव्याचे माप हलके केले. १९९३ मध्ये मुकुंदलाल भंडारी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने अर्ज मुदतीनंतर आला एवढ्यावरून तो फेटाळू नये असे ठरविले, आणि २००१ मध्ये गुरदियालसिंग प्रकरणी फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा या कामी मागू नये असे सांगितले. उलट बाजूही नोंदली पाहिजे. बीड जिल्ह्यात खोट्या कागदांवर स्वातंत्र्यसैनिक झालेल्यांची प्रकरणे न्यायमूर्ती पालकर यांच्या चौकशीपुढे आली आणि फसवणुकीने मिळविलेल्या वेतनास संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. साक्षीची पायरी रुंद केली की तिच्यावरून नको तेही चढतात. ज्यांनी नमुना कडक केला त्यांना केवळ दोष देऊन भागणार नाही.

आणखी एक वर्ग असा आहे की ज्याच्यासाठी नमुन्यात पायरीच नव्हती. भूमिगतांस अन्न व आसरा देणे हा कोणत्याही रकान्यात बसणारा सहभाग नव्हे. चार वर्षे गट जगले ते गावांतून येणाऱ्या भाकरीवर. ती भाजणारी, पाटीत घालून शिवारात नेणारी आणि पोलीस दारात आल्यावर काही ठाऊक नाही म्हणून सांगणारी बहुधा स्त्री होती. तिने घर सोडले नाही, म्हणून ती भूमिगत नव्हे. तिला पकडले नाही, म्हणून ती बंदी नव्हे. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांचे काम लोकांस ठाऊक झाले, कारण भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापुढे भांडणाचे सोंग करून शिपायांना गुंतविण्यासारखे धाडस कथारूपाने टिकते. रोजच्या भाकरीची कथा होत नाही. आवेदनपत्रे मोजून स्त्रियांच्या सहभागाचे प्रमाण काढणारा अभ्यासक म्हणूनच फसेल. तो आकडा चळवळीचा नसून रकान्यांचा असेल.

नमुन्याचा परिणाम आठवणींवरही होतो. गावाची स्मृती तारखेने चालत नाही. शेणोलीचा प्रसंग मृगाच्या तोंडावरचा, एवढे पुष्कळांस पुरते. आवेदनपत्रास ‘कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत’ हे लागते, आणि ते अंतर सहा महिन्यांहून अधिक भरावे लागते. तीस-चाळीस वर्षांनंतर लेखनिकाच्या मदतीने भरलेल्या अशा तारखा घटनाक्रम लावण्यास वापरणे धोक्याचे आहे. ए. बी. शिंदे यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रति सरकारवरील ग्रंथ आणि गेल ऑम्व्हेट यांनी घेतलेल्या मुलाखती यांचे महत्त्व याही दृष्टीने आहे. तेथे सांगणाऱ्यास आपला प्रकार आधी निवडावा लागला नव्हता.

असे असूनही ही आवेदनपत्रे बाजूस सारण्याजोगी नाहीत. कचेरीने ज्याला सर्वांत कमी वजन दिले, तो अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्राचा भाग इतिहासकाराच्या सर्वांत अधिक कामाचा आहे. आपण घरापासून दूर होतो हे सांगताना माणसाला आपण कोणाकडे होतो हे सांगावे लागते. आसरा देणारी घरे, वस्त्या आणि क्वचित त्या घरांतील बायकांची नावे येतात ती येथेच. मंजूर प्रकरणांतील व्यक्तींची नावे चरित्रकोशांत व ताम्रपटांच्या याद्यांत गेली आहेत. नामंजूर प्रकरणांचे तसे झालेले नाही. आणि पुराव्याअभावी परत गेलेल्या अर्जांत प्रतिज्ञापत्रच काय ते जोडलेले असते. सातारा व सांगली या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांत जुनी प्रकरणे नष्ट करण्याची मुदत ठरविताना नामंजूर आवेदनपत्रे वगळून, ती गावांच्या अनुक्रमाने एकत्र लावून ठेवली, तर १९४३ ते १९४६ या काळातील आसऱ्याच्या घरांचा नकाशा तयार करण्याचे काम हाती घेता येईल.