ऑडिओ सिग्नल जनरेटर: छोट्या बल्बने सोडवलेली मोठी अडचण

ॲम्प्लिफायर बिघडला की गाणं लावून दोष सापडत नाही, कारण गाण्यातला सिग्नल क्षणाक्षणाला बदलतो. तपासणीसाठी स्थिर आणि आधीच माहीत असलेला सिग्नल लागतो. तो देणारं उपकरण म्हणजे सिग्नल जनरेटर. ऑडिओसाठी त्याची रेंज साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असते.

साइन वेव्ह कशी तयार होते?
यासाठी वीन ब्रिज ऑसिलेटर हे सर्किट प्रसिद्ध आहे. त्यात एक ऑप-ॲम्प, दोन सारखे रेझिस्टर आणि दोन सारखे कपॅसिटर वारंवारता ठरवतात. १० किलोओहम आणि १५ नॅनोफॅरड घेतल्यास सुमारे १,०६० हर्ट्झ मिळतात.

अडचण कुठे येते?
हे जाळं सिग्नलचा एक तृतीयांश भागच परत देतं. म्हणून ऑप-ॲम्पचा गेन बरोबर ३ हवा. कमी झाला तर सिग्नल विझतो, जास्त झाला तर लाटेचे माथे कापले जातात. नुसत्या रेझिस्टरने हा तोल टिकत नाही.

विल्यम ह्यूलेट यांनी १९३९ च्या स्टॅनफर्डमधील प्रबंधात यावर सोपा उपाय मांडला: फीडबॅकमध्ये छोटा बल्ब. सिग्नल वाढला की फिलामेंट तापते, तिचा रोध वाढतो आणि गेन आपोआप कमी होतो. यातूनच ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं उत्पादन, २००ए, तयार झालं. त्याच्या सुधारित २००बी मॉडेलचे आठ नग डिस्नेने 'फँटेशिया' चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी घेतले.

घरी बनवताना कमी करंटवर चालणारा बल्ब निवडा. साधा ऑप-ॲम्प मोठा बल्ब तापवू शकत नाही.

फंक्शन जनरेटर वेगळा कसा?
त्यात कम्पॅरेटर चौकोनी लाट देतो आणि इंटिग्रेटर तिची त्रिकोणी लाट करतो. त्रिकोणाला डायोडने गोलाई देऊन साइन मिळते, पण ती वीन ब्रिजइतकी शुद्ध नसते. म्हणून डिस्टॉर्शन मोजायला वीन ब्रिज बरा. चौकोनी लाटेचे कोपरे ऑसिलोस्कोपवर गोल दिसले तर ट्रेबल कमी पडतोय, माथा उतरता दिसला तर बेस.

वापरताना
आउटपुटला कपॅसिटर आणि व्हॉल्यूम पॉट लावा, सुरुवात सर्वात कमी पातळीपासून करा. मग ॲम्प्लिफायरच्या इनपुटला सिग्नल देऊन एकेक टप्पा तपासा. लाट जिथे पहिल्यांदा बिघडते किंवा गायब होते, दोष त्याच टप्प्याच्या आसपास शोधा.